नोटरी (भारत)

नोटरी किंवा नोटरी पब्लिक ही दस्तऐवज प्रमाणित करण्याचा, शपथ देण्याचा आणि काही व्यापारी कागदपत्रांची अधिकृत नोंद करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली व्यक्ती होय. मराठीत तिच्यासाठी 'लेखप्रमाणक' हा प्रतिशब्दही योजला जातो. तथापि बोलण्यात आणि न्यायालयीन व्यवहारात 'नोटरी' हाच शब्द रूढ आहे. भारतात नोटरीची नियुक्ती नोटरी अधिनियम, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ यांनुसार केंद्र शासन अथवा राज्य शासन करते.

नोटरी सामान्यतः वकिली करणारी व्यक्ती असते. परंतु नोटरी म्हणून काम करताना ती कोणत्याही एका पक्षाची वकील नसते. समोर आलेली व्यक्ती कोण आहे, तिने आपल्यासमक्ष सही केली का आणि ती स्वेच्छेने केली का, याची खातरजमा करून तसा निर्वाळा देणे हे तिचे मुख्य काम आहे. दस्तातील मजकूर खरा आहे किंवा त्या दस्ताने मालकी हक्क मिळतो, असा निर्वाळा नोटरी देत नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेक नागरिकांची, विशेषतः घर व जमीन यांच्या व्यवहारांत, फसगत होते.

व्युत्पत्ती

'नोटरी' हा शब्द लॅटिन भाषेतील 'नोटारियस' या शब्दापासून आला. 'नोटा' म्हणजे खूण किंवा चिन्ह. प्राचीन रोममध्ये भाषणे व निवेदने चिन्हांच्या साहाय्याने झपाट्याने उतरवून घेणाऱ्या लेखनिकास 'नोटारियस' म्हणत. आजच्या लघुलेखकाशी मिळतेजुळते असे हे काम होते. पुढे करारनामे व मृत्युपत्रे लिहून देणाऱ्या व्यावसायिकांनाही हे नाव लागू झाले. 'पब्लिक' हे विशेषण, ही व्यक्ती खासगी लेखनिक नसून सार्वजनिक विश्वासाचे पद धारण करते, असे सुचवते.

इतिहास

युरोप

मध्ययुगीन युरोपात, विशेषतः इटलीतील व्यापारी नगरांत, नोटरीच्या पेशाला मोठे महत्त्व आले. बोलोन्या येथे तेराव्या शतकात नोटरीच्या विद्येचे पद्धतशीर अध्यापन होत असे. इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा अधिकार आरंभी पोपच्या सत्तेतून येत असे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३३ साली झालेल्या कायद्याने तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. आर्चबिशपच्या वतीने 'मास्टर ऑफ द फॅकल्टीज' हा अधिकारी नोटरींची नियुक्ती करू लागला. ही व्यवस्था इंग्लंडमध्ये अद्यापही चालू आहे.

ब्रिटिशकालीन भारत

ब्रिटिश अमदानीत मुंबई, कलकत्ता व मद्रास या बंदरांच्या शहरांत परदेशी व्यापार वाढला. न वटलेल्या विनिमयपत्रांची नोंद, जहाजांच्या नुकसानीची निवेदने आणि परदेशी पाठवावयाची मुखत्यारपत्रे यांसाठी नोटरींची गरज भासू लागली. या काळात भारतातील नोटरींनाही इंग्लंडमधील मास्टर ऑफ द फॅकल्टीजकडूनच सनद मिळत असे. याखेरीज परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम १३८ अन्वये शासनाला नोटरी नेमता येत. परंतु त्यांचे अधिकार त्या अधिनियमाच्या प्रयोजनापुरतेच मर्यादित होते.

याच कलमाची पुढची कथा उद्बोधक आहे. नोटरी अधिनियमाने हे जुने प्रकरण निरसित केले. पुढे १९८८ च्या दुरुस्तीने त्याच रिकाम्या जागी धनादेश न वटण्याच्या अपराधाची तरतूद घालण्यात आली. धनादेशाच्या संदर्भात आज सर्वतोमुखी असलेले 'कलम १३८' मुळात नोटरीविषयी होते.

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वतंत्र देशातील नोटरींची नियुक्ती परदेशातील धर्मपीठाशी संबद्ध अशा अधिकाऱ्याने करावी, हे सार्वभौमत्वाशी विसंगत होते. ही विसंगती दूर करणे आणि नोटरीच्या सर्व कामांना एकत्रित कायदेशीर आधार देणे, या हेतूंनी संसदेने नोटरी अधिनियम, १९५२ संमत केला. तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी नोटरी नियम तयार करण्यात आले. १९९९ साली अधिनियमात महत्त्वाची दुरुस्ती झाली. तिने व्यवसाय प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, तसेच साक्षीपुरावा नोंदवणे व मध्यस्थी करणे ही कामे नोटरीच्या कार्यकक्षेत आणली.

नियुक्ती व पात्रता

अधिनियमाच्या कलम ३ नुसार केंद्र शासनाला संपूर्ण भारतासाठी अथवा भारताच्या कोणत्याही भागासाठी, आणि राज्य शासनाला संपूर्ण राज्यासाठी अथवा राज्याच्या कोणत्याही भागासाठी नोटरी नेमता येतात. त्यामुळे एकाच शहरात केंद्र शासनाने नेमलेले व राज्य शासनाने नेमलेले असे दोन्ही नोटरी आढळतात. दोघांची कार्ये समान असतात. भेद असतो तो नियुक्ती करणाऱ्या शासनाचा व कार्यक्षेत्राचा.

नियुक्तीसाठी किमान दहा वर्षे वकिलीचा अनुभव आवश्यक असतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांतील व्यक्तींसाठी, तसेच महिलांसाठी ही अट सात वर्षांची आहे. भारतीय विधी सेवेतील व्यक्तीही नियमांनुसार पात्र ठरू शकतात. विहित नमुन्यातील अर्जाची छाननी सक्षम प्राधिकारी करतो आणि त्याच्या शिफारशीवर शासन निर्णय घेते. प्रत्येक राज्यात जास्तीत जास्त किती नोटरी नेमता येतील, हे नियमांच्या अनुसूचीत ठरवून दिलेले असते.

नियुक्त व्यक्तीचे नाव शासनाच्या नोंदपुस्तकात चढवले जाते आणि तिला पाच वर्षांचे व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. मुदत संपण्यापूर्वी विहित शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. नोटरींची यादी दरवर्षी जानेवारी महिन्यात राजपत्रात प्रसिद्ध करण्याची तरतूद कलम ६ मध्ये आहे. वैध प्रमाणपत्राशिवाय कोणालाही नोटरी म्हणून काम करता येत नाही. नोटरी नसताना तसे भासवणे हा कलम १२ अन्वये अपराध असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कार्ये

नोटरीची कार्ये अधिनियमाच्या कलम ८ मध्ये दिली आहेत. यांतील कोणतेही कार्य नोटरीची सही व अधिकृत शिक्का यांसह झाले तरच ते नोटरीचे कार्य मानले जाते.

दस्तांचे प्रमाणन

दस्तावर सही करून तो अमलात आणण्याच्या क्रियेस कायद्याच्या भाषेत 'निष्पादन' म्हणतात. एखाद्या व्यक्तीने दस्त आपल्यासमक्ष निष्पादित केला, हे पडताळून प्रमाणित करणे हे नोटरीचे सर्वांत परिचित काम आहे. मुखत्यारपत्र, हमीपत्र, बंधपत्र, भागीदारीचा करार इत्यादी दस्त यासाठी आणले जातात. मूळ कागदाशी ताडून पाहून त्याची प्रत सत्यप्रत म्हणून प्रमाणित करण्याचे कामही नोटरी करतो.

शपथ व प्रतिज्ञापत्र

प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर केलेले लेखी निवेदन. नावातील फरक, शिक्षणात पडलेला खंड, गहाळ झालेली गुणपत्रिका, वारसांची माहिती अशा अनेक कारणांसाठी ते मागितले जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३९ नुसार न्यायालयात दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्रावरील शपथ नोटरी देऊ शकतो. फौजदारी कामकाजासाठी अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३३३ मध्ये आहे.

प्रतिज्ञापत्रातील मजकुराची जबाबदारी शपथ घेणाऱ्याची असते. जाणूनबुजून खोटी शपथ घेणे हा खोटा पुरावा देण्याचा अपराध ठरतो. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २२९ नुसार न्यायिक कार्यवाहीत त्यासाठी सात वर्षांपर्यंत आणि इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

वचनचिठ्ठी, हुंडी व विनिमयपत्र

वचनचिठ्ठी, हुंडी अथवा विनिमयपत्र स्वीकृतीसाठी किंवा रक्कम मागण्यासाठी संबंधिताकडे सादर करणे, आणि ते नाकारले गेल्यास त्याची अधिकृत नोंद करणे, हे नोटरीचे ऐतिहासिक काम आहे. कागद नाकारल्याचा दिनांक, कारण असल्यास ते कारण आणि आपले शुल्क नोटरी त्या कागदावर किंवा त्याला जोडलेल्या कागदावर टिपतो. यास 'नोंद' म्हणतात. त्यावरून जे औपचारिक प्रमाणपत्र तयार होते, त्यास 'निषेध' म्हणतात. येथे 'निषेध' या शब्दाला धिक्काराचा अर्थ नाही. रक्कम मागितली गेली आणि ती मिळाली नाही, याचा तो त्रयस्थाने दिलेला दाखला होय. परदेशी विनिमयपत्राच्या बाबतीत, ज्या ठिकाणी ते काढले तेथील कायद्याने आवश्यक असेल, तर असा निषेध करावाच लागतो. देशांतर्गत व्यवहारांत धनादेश व बँकांचे संगणकीकृत व्यवहार वाढल्यामुळे हे काम आता विरळ झाले आहे.

सागरी व व्यापारी कागदपत्रे

वादळ, टक्कर किंवा तत्सम संकटात जहाजाचे अथवा मालाचे नुकसान झाले, तर बंदरात पोहोचल्यावर जहाजाचा कप्तान नोटरीसमोर घटनेचे निवेदन नोंदवतो. पुढे विमा कंपनी व मालाचे मालक यांच्याशी वाद उद्भवल्यास हे निवेदन उपयोगी पडते. माल उतरवण्यास झालेल्या विलंबाविषयीची निवेदने, जहाज भाड्याने देण्याचे करार, तसेच जहाज किंवा त्यावरील माल तारण ठेवून प्रवासासाठी घेतलेल्या कर्जाची बंधपत्रे तयार करणे, ही कामेही कलम ८ मध्ये समाविष्ट आहेत.

परदेशासाठीचे दस्त व भाषांतर

भारताबाहेर अमलात यावयाचे दस्त तेथील कायद्याला अनुरूप अशा नमुन्यात व भाषेत तयार करणे आणि प्रमाणित करणे हे नोटरीचे काम आहे. एका भाषेतील दस्ताचे दुसऱ्या भाषेत भाषांतर करणे व ते पडताळणे, हाही अधिकार नोटरीस आहे. मराठीतील जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला परदेशी शिक्षणसंस्थेस अथवा दूतावासास सादर करताना इंग्रजी भाषांतरावर नोटरीचे प्रमाणन मागितले जाते.

साक्षीपुरावा व मध्यस्थी

न्यायालयाने अथवा प्राधिकरणाने निर्देश दिल्यास नोटरी आयुक्त म्हणून दिवाणी वा फौजदारी खटल्यातील साक्षीपुरावा नोंदवू शकतो. गरज असल्यास तो लवाद, मध्यस्थ किंवा समेटकर्ता म्हणूनही काम करू शकतो.

कर्तव्ये व कार्यपद्धती

नोटरीच्या पदाचे सर्व मोल त्याच्या प्रत्यक्षदर्शित्वात आहे. म्हणून सही करणारी व्यक्ती स्वतः उपस्थित असणे हे या कार्यपद्धतीचे पहिले तत्त्व आहे. आधीच सही करून आणलेला कागद, किंवा कोणा नातेवाइकाने अथवा मध्यस्थाने सही करणाऱ्याच्या अनुपस्थितीत आणलेला कागद, 'माझ्यासमक्ष सही केली' अशा शेऱ्यासह प्रमाणित करणे हे कर्तव्यभंगाचे उदाहरण होय.

ओळख पटवण्यासाठी छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र पाहिले जाते. नोटरी त्या व्यक्तीस ओळखत नसल्यास तिला ओळखणारी व्यक्ती किंवा तिचा वकील यांची 'ओळख' म्हणून सही घेण्याचा प्रघात आहे. दस्तात कोऱ्या जागा राहू नयेत, खाडाखोड असल्यास तिच्यावर संबंधितांची लघुस्वाक्षरी असावी आणि पाने क्रमांकित असावीत, याकडे नोटरीने लक्ष द्यावयाचे असते.

सही करणाऱ्यास वाचता येत नसेल, दिसत नसेल किंवा दस्ताची भाषा समजत नसेल, तर मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून व समजावून सांगणे अगत्याचे ठरते. अंगठ्याचा ठसा घेतल्यास तो कोणाचा व कोणत्या हाताचा, हे लिहिले जाते, आणि मजकूर समजावून सांगितल्याचा उल्लेखही शेऱ्यात केला जातो. इंग्रजीतील मुखत्यारपत्रावर केवळ मराठी वाचता येणाऱ्या वृद्ध व्यक्तीची सही घेतली जाते, तेव्हा ही दक्षता औपचारिक राहत नाही. त्या व्यक्तीचे राहते घर तिच्यावर अवलंबून असू शकते. दस्तात स्वतःचा हितसंबंध असल्यास नोटरीने ते काम करू नये, हेही या पदाच्या निःपक्षपातीपणातून ओघाने येते.

शिक्का, तिकीट व नोंदवही

नोटरी नियमांनुसार नोटरीचा शिक्का साधा, गोल आणि ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि नियुक्ती करणाऱ्या शासनाचे नाव असते. दस्तावर विहित मूल्याचे नोटरी तिकीटही लावले जाते. हे तिकीट आणि दस्ताचे मुद्रांक शुल्क या भिन्न गोष्टी आहेत. तिकीट लावल्याने मुद्रांक शुल्क भरण्याची जबाबदारी संपत नाही.

प्रत्येक कार्याची नोंद नोटरीने विहित नमुन्यातील नोंदवहीत करावयाची असते. अनुक्रमांक, दिनांक, कार्याचे स्वरूप, संबंधित व्यक्तीचे नाव, आकारलेले शुल्क आदी तपशील तीत येतात. दस्तावरील अनुक्रमांक नोंदवहीशी जुळला पाहिजे. वर्षानुवर्षांनी दस्ताच्या खरेपणाविषयी वाद उद्भवतो तेव्हा ही नोंदवही निर्णायक ठरू शकते. मागील वर्षातील कार्यांचे विवरणपत्र नोटरीने दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शासनास सादर करावयाचे असते.

निरनिराळ्या कामांसाठी आकारावयाचे शुल्क नियमांत ठरवून दिलेले आहे. नोटरीने आपल्या कार्यक्षेत्रात कार्यालय ठेवावे आणि तेथे आपले नाव व पद दर्शवणारा फलक ठळकपणे लावावा, असेही नियम सांगतात.

पुरावा म्हणून महत्त्व

नोटरीच्या शिक्क्याची न्यायालय स्वतःहून दखल घेते. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. नोटरीसमोर निष्पादित व त्याने प्रमाणित केलेल्या मुखत्यारपत्राविषयी, ते तसेच निष्पादित झाले आहे, असे न्यायालय गृहीत धरते. ही तरतूद भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ८५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये ती कलम ८४ म्हणून कायम आहे. हे गृहीतक खंडनीय आहे. म्हणजे सही बनावट होती किंवा सही करणारा त्या दिवशी हजर नव्हता, असे सिद्ध केल्यास ते टिकत नाही.

मर्यादा

नोटरी आणि दस्तनोंदणी

'नोटरी केली' म्हणजे दस्त 'नोंदवला' असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक या दोन पूर्णतः निराळ्या प्रक्रिया आहेत. नोटरी सहीची साक्ष देतो. दस्तनोंदणी ही नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते आणि तेथे दस्ताची प्रत शासकीय अभिलेखात कायमची जतन केली जाते. पुढील खरेदीदारास शोध घेता येतो तो या अभिलेखाचा. नोटरीच्या नोंदवहीचा नव्हे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा यांनाही नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी आवश्यक असलेला दस्त नोंदवला नाही, तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ४९ नुसार त्याने त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही.

उदाहरणादाखल, एका व्यक्तीने आयुष्यभराची बचत देऊन एक भूखंड 'नोटरी' करारावर घेतला असे समजू. करारावर शिक्का खरा आहे, सह्या खऱ्या आहेत, पैसेही खरोखर दिले आहेत. तरीही भूखंडाची मालकी विक्रेत्याकडेच राहते. त्याने तोच भूखंड दुसऱ्या कोणाला नोंदणीकृत खरेदीखताने विकल्यास पहिल्या व्यक्तीच्या हाती बहुधा दीर्घ दावाच उरतो. येथे नोटरीने कदाचित काहीही चुकीचे केलेले नसते. त्याच्या शिक्क्याकडून जी अपेक्षा केली गेली, ती पुरी करण्याचा अधिकारच त्याला नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प अँड इंडस्ट्रीज विरुद्ध हरयाणा राज्य या खटल्यात ११ ऑक्टोबर २०११ रोजी दिलेल्या निर्णयात, विक्रीचा करार, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या जोडीने केलेल्या व्यवहाराने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, असे स्पष्ट केले.

भाडेकरार

महाराष्ट्रात घर 'लिव्ह अँड लायसन्स' तत्त्वावर देण्याचा करार केवळ नोटरी करून ठेवण्याची प्रथा बरीच प्रचलित आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. जबाबदारी न पाळणाऱ्या घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुखत्यारपत्र

दुसऱ्याने निष्पादित केलेला दस्त त्याच्या वतीने दुय्यम निबंधकासमोर सादर करावयाचा असेल, तर मुखत्यारपत्र कसे प्रमाणित असावे हे नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये सांगितले आहे. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भारतात नोंदणी अधिनियम लागू असलेल्या भागात राहत असेल, तर ते निबंधक किंवा दुय्यम निबंधक यांच्यासमोर निष्पादित व प्रमाणित व्हावे लागते. या कामी नोटरीचे प्रमाणन पुरत नाही. ती परदेशात राहत असेल, तर मात्र तेथील नोटरी, न्यायालय, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्यदूत यांचे प्रमाणन चालते.

मृत्युपत्र

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. त्याची नोटरी करणे किंवा नोंदणी करणे सक्तीचे नाही. दोन साक्षीदार नसतील, तर केवळ नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही.

विवाह व घटस्फोट

मुद्रांकाच्या कागदावर 'विवाहाचा करार' किंवा 'घटस्फोटाचा करार' करून त्यावर नोटरीचा शिक्का घेतल्याने विवाह होत नाही आणि मोडतही नाही. विवाह त्या त्या वैयक्तिक कायद्यानुसार किंवा विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये होतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू असलेल्या दांपत्यास परस्परसंमतीने घटस्फोट हवा असला, तरी तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मिळतो. रूढीने मान्य असलेला घटस्फोट हा अपवाद असून ती रूढी सिद्ध करावी लागते. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने २०२४ मध्ये कार्यालयीन ज्ञापन काढून, विवाहाचे अथवा घटस्फोटाचे दस्त निष्पादित करण्याचा अधिकार नोटरीस नाही, असे पुन्हा बजावले. अशा कागदावर विसंबून केलेला दुसरा विवाह अवैध ठरू शकतो आणि त्याचे परिणाम मुख्यतः स्त्री व मुले यांना भोगावे लागतात.

गोव्यातील विशेष नोटरी

गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे नोटरीविषयक एक निराळी परंपरा आहे. युरोपखंडातील पद्धतीप्रमाणे तेथे नोटरी हा दस्त स्वतः तयार करून आपल्या पुस्तकात नोंदवणारा शासकीय अधिकारी असतो. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, २०१२ ने या परंपरेस आधुनिक रूप दिले. हा अधिनियम २०१६ साली अमलात आला. नागरी निबंधक व उपनिबंधक हे पद धारण करणारा अधिकारी विशेष नोटरी म्हणून मृत्युपत्रे व वारसाहक्काचे दस्त करतो. गोव्यात १९५२ च्या अधिनियमाखालील नोटरीही आहेत. परंतु त्यांना विशेष नोटरीची ही कामे करता येत नाहीत.

परदेशी व्यवहार

भारतातील नोटरीने प्रमाणित केलेला कागद परदेशात चालावा, यासाठी बहुधा आणखी एक टप्पा लागतो. हेग येथील १९६१ च्या करारानुसार सदस्यदेशांत 'अपॉस्टिल' हे एकच प्रमाणपत्र पुरेसे मानले जाते. भारतासाठी हा करार २००५ पासून लागू आहे. राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याने कागद प्रमाणित केल्यावर केंद्रीय परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाकडून अपॉस्टिल मिळते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावाकडील शेती, वडिलोपार्जित घर किंवा बँकेतील ठेवी यांसाठी मुखत्यारपत्र पाठवावे लागते. ते तेथील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करता येते. राजनैतिक व वाणिज्यदूत अधिकारी (शपथ व शुल्क) अधिनियम, १९४८ नुसार या अधिकाऱ्यांना नोटरीची कार्ये करण्याचा अधिकार आहे. मुखत्यारपत्र परदेशात निष्पादित झालेले असले, तरी ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते.

गैरवर्तन व कार्यवाही

व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन सिद्ध झाल्यास, नैतिक अधःपतनाच्या अपराधात शिक्षा झाल्यास, दिवाळखोरी ओढवल्यास किंवा विहित शुल्क न भरल्यास शासन नोटरीचे नाव नोंदपुस्तकातून काढून टाकू शकते. गैरवर्तनाची तक्रार नियुक्ती करणाऱ्या शासनाकडे करता येते. नियम १३ नुसार तिची चौकशी होते आणि नोटरीस आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. नोटरीने आपले काम करताना अपराध केल्याचा आरोप असल्यास, शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही, असे संरक्षण कलम १३ मध्ये आहे. प्रामाणिक नोटरीस सूडबुद्धीच्या खटल्यांपासून वाचवणे हा या तरतुदीचा हेतू होय.

इतर देशांतील पद्धती

फ्रान्स, इटली, स्पेन आदी देशांत नोटरी हा दस्त स्वतः रचणारा, उभय पक्षांना सल्ला देणारा आणि मूळ दस्त जतन करणारा विधिज्ञ असतो. त्याच्या दस्तास मोठे प्रामाण्य असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत नोटरी होण्यासाठी वकील असणे आवश्यक नसते. मुख्यतः ओळख पटवणे, शपथ देणे व सहीची साक्ष देणे एवढेच काम तो करतो. भारतीय नोटरी या दोहोंच्या मध्ये आहे. तो विधिज्ञ असतो, परंतु स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे प्रामाण्य व जतन ही कामे भारतात नोंदणी विभागाकडे आहेत.

बदलते स्वरूप

शासकीय योजना, प्रवेश व दाखले यांसाठी प्रत्येक वेळी प्रतिज्ञापत्र व साक्षांकित प्रती मागितल्या जात असल्यामुळे विद्यार्थी व पालक यांच्यावर खर्चाचा व हेलपाट्यांचा भार पडत असे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये निर्णय घेऊन, कायद्याने प्रतिज्ञापत्र आवश्यक नसेल तेथे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती स्वीकारण्याचे धोरण अवलंबिले. जेथे प्रतिज्ञापत्र लागतेच, तेथेही ते नोटरीकडेच केले पाहिजे असे नाही; अनेक कामांसाठी ते तहसील कार्यालयात कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर करता येते. त्यामुळे कोणत्या कामासाठी कोणाचे प्रमाणन हवे, हे कागद मागणाऱ्या कार्यालयाकडून आधी विचारून घेणे श्रेयस्कर ठरते.

केंद्र शासनाने नेमलेल्या नोटरींचे अर्ज, प्रमाणपत्रे व नूतनीकरण यांसाठी २०२४ मध्ये संकेतस्थळाधारित व्यवस्था सुरू झाली. कामकाजाची साधने बदलली, तरी समोरच्या व्यक्तीस पाहून, ओळखून आणि तिला सहीचा अर्थ कळला आहे याची खात्री करून साक्ष देणे, हा नोटरीच्या कर्तव्याचा गाभा कायम आहे.